ओल्यात फोडायचं, सुक्यात जाळायचं

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा आमच्या परसातला जुना रायवळ आंबा मुळासकट आडवा झाला. कुंपणाकडचे दोन सुरूही पडले आणि चिंचेची एक भलीमोठी फांदी मोडून गोठ्यावर आली. संध्याकाळी वारा थांबला तेव्हा घरावर निम्मी कौलंही नव्हती. वीज गेली ती पुढे कित्येक दिवस आलीच नाही. आधी छप्पर, मग विहिरीतला पालापाचोळा, अशी कामं उरकत गेलो आणि आठवड्याभराने परसातल्या त्या लाकडांकडे वळलो. तोवर पाऊस तोंडावर आला होता.

आमच्याकडे स्वयंपाक गॅसवर होतो, पण आंघोळीचं पाणी आजही पाणचुलीवर तापतं, भात उकडायचा तोही चुलाणावर. त्यामुळे सरपण लागतंच. आरीने ओंडके कापून झाले आणि घरात वाद सुरू झाला. नवऱ्याचं म्हणणं, "आत्ता हिरवंगार आहे, कुऱ्हाड रुतून बसेल. सुकू दे, मार्गशीर्षात फोडू." सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं म्हणणं, "सुकेल कसं? फोडल्याशिवाय सुकत नाही." शेवटी निम्मे ओंडके पावसाआधी आणि उघडिपीत फोडून पडवीत रचले आणि उरलेले तसेच गोल, भिंतीला लावून ठेवले. ठरवून काही केलं नव्हतं, हातच पुरले नाहीत. पण पुढच्या माघात दोन्हींमधला फरक समोर आला आणि तेव्हापासून या विषयाने मला धरलंय. दिसायला साधी गोष्ट, पण आत बरंच काही आहे.

पहिल्यांदा ‘ओलं’ म्हणजे काय ते बघू. मराठीत आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना ओलंच म्हणतो. सुकलेली ढलपी अंगणात राहिली आणि पावसात भिजली, तर ती ओली. आज तोडलेली फांदी, तीही ओली. पहिलीत पाणी फक्त कातडीवर आणि थोडं टोकांतून आत गेलेलं असतं. वाऱ्याला ठेवली की ती चार-आठ दिवसांत पुन्हा होती तशी होते. दुसरीत पाणी लाकडाच्या अंगात असतं, मुळांनी वर ओढलेलं. ते जायला महिने लागतात. सरपणाची चर्चा करताना जो ओलेपणा महत्त्वाचा, तो हा दुसरा.

आता लाकडाच्या आत जाऊ. माडाच्या हिरांचा खराटा डोळ्यांसमोर आणा. उभे, लांब, एकमेकांना चिकटून बांधलेले हीर. लाकूडही असंच आहे, फक्त त्यातले हीर केसाहून बारीक आणि आतून पोकळ असतात. या नळ्यांच्या भिंती एका चिवट पदार्थाच्या, आणि नळीला नळी चिकटवणारा डिंकासारखा दुसरा पदार्थ, त्याला लिग्निन म्हणतात. हिरव्या लाकडात पाणी दोन जागी असतं: नळीच्या पोकळीत मोकळं, आणि नळीच्या भिंतीत मुरलेलं. घागरीतलं पाणी आणि घागरीच्या मातीत शोषलेलं पाणी, तसंच हे.

लाकूड सुकायला लागलं की आधी घागर रिकामी होते. पोकळीतलं पाणी जातं, लाकूड हलकं होतं, पण ते आकसत नाही, कडकही होत नाही. मग एक टप्पा येतो. पोकळी कोरडी, भिंती मात्र अजून पुऱ्या भिजलेल्या. बहुतेक जातींत सुक्या लाकडाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के पाणी उरलेलं असतं तेव्हा हा टप्पा येतो. खरी गंमत त्याच्या पुढे आहे. भिंतींतलं पाणी जाऊ लागलं की भिंतीतले धागे जवळजवळ सरकतात, एकमेकांना घट्ट धरतात. लाकूड आकसतं, ताठ होतं, कठीण होतं. पाणी १२ टक्क्यांवर येईतो बऱ्याच जातींच्या लाकडाची उभा दाब सोसायची ताकद हिरव्या लाकडाच्या दुपटीच्या आसपास जाते. म्हणूनच सुतार सुकं लाकूड मागतो, आणि म्हणूनच सुकल्यावर कुऱ्हाड टणकन उडते.

मग ओलंच फोडायला सोपं, असं सरळ म्हणून टाकावं का? तसं नाही. इथे लाकडाच्या जातीला आणि रेषेला विचारावं लागतं.

लाकूड फोडणं म्हणजे नळ्या तोडणं नव्हे, नळ्यांच्या मधून वाट काढणं. खराटा आडवा कापायला कोयता लागेल, पण दोन हिरांच्या मध्ये बोट घालून तो सहज उघडता येतो. कुऱ्हाडीचं काम पाचरीचं आहे: फट पाडायची आणि ती रुंद करत न्यायची. रेषा सरळ असेल तर फट पुढे पळते. सुक्या लाकडात ती अधिकच पळते, कारण सुकं लाकूड वाकत नाही, तडकतं. ओला पापड लाटून झाल्यावर दुमडता येतो, वाळला की मोडतो, तसं. आमचा सुरू असाच. त्यातली काही कांडी सुकल्यावर फोडली, तर एका घावात दोन तुकडे होऊन बाजूला पडली. सागाचंही तसंच, रेषा सरळ, कधीही फोडा.

पण रेषा पिळवटलेली असेल तर? काही झाडांत नळ्यांचा एक थर डावीकडे कललेला वाढतो, त्यावरचा उजवीकडे, पुन्हा त्यावरचा डावीकडे. वेणी घातल्यासारखं. चिंचेचं लाकूड या बाबतीत अस्सल. मटणाच्या दुकानातला तो ठोकळा बघा, ज्यावर वर्षानुवर्षं सत्तूर पडतो आणि तो फाटत नाही. तो बहुतेकदा चिंचेचा असतो, आणि याच कारणासाठी. अशा लाकडात फटीला सरळ वाट सापडत नाही, दर थराला नळ्या तोडाव्याच लागतात. त्या मऊ असतानाच तोडणं शहाणपणाचं. चिंच, जांभूळ, निलगिरी, बाभळीचा वाकडा बुंधा आणि कुठल्याही झाडाचा गाठीचा भाग हिरवा असतानाच फोडून घ्यावा. निलगिरी तर सुकली की दगड होते. आमची ती चिंचेची फांदी नेमकी न फोडलेल्या निम्म्यात राहिली होती. माघात तिच्यावर कुऱ्हाड घातली, तर पातं बोटभरही आत गेलं नाही. दोन पोलादी पाचरी आणि घण घेऊन एका कांड्यावर अख्खी सकाळ गेली.

ओल्या लाकडाचा एक त्रास मात्र खरा आहे, नवऱ्याची तक्रार अगदीच खोटी नव्हती. मऊ जातीचं हिरवं लाकूड घाव गिळतं. पातं आत शिरतं, बाजूचं लाकूड दबतं, पण फट पुढे जात नाही आणि कुऱ्हाड अडकून बसते. अशा वेळी धार लावण्यापेक्षा पात्याचा आकार बघावा. झाड तोडायची पातळ कुऱ्हाड फोडायला नको. जाड गालांची, बोथट कोनाची लागते, जी आत शिरण्यापेक्षा बाजूला रेटते. ओंडका मोठा असेल तर मध्यावर घाव घालू नये. कडेकडेने ढलप्या काढत आत यावं. गाठ असेल तर ती खालच्या अंगाला येईल असा ओंडका उभा करावा, म्हणजे फटीला आधी मोकळी वाट मिळते आणि गाठीपर्यंत येताना तिच्यात जोर असतो.

आणखी एक गोष्ट जवळून बघण्यासारखी. सुकत आलेल्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाकडे बघा. मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या भेगा दिसतील, सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या. त्या तशाच का पडतात? लाकूड सगळीकडे सारखं आकसत नाही. लांबीला जवळजवळ नाहीच. मध्यापासून सालीकडे थोडं. आणि गोलाईला, म्हणजे वाढीच्या वलयांच्या दिशेने, त्याच्या साधारण दुप्पट. शिवाय बाहेरचा थर आधी सुकतो, आतला अजून फुगलेलाच असतो. हातावर चढवलेली बांगडी लहान लहान होत गेली आणि हात तेवढाच राहिला तर काय होईल? ती तडकेल. ओंडक्याची बाहेरची वलयंही तशीच तडकतात. झाडानेच आखून दिलेली ही फोडायची जागा आहे. पहिला घाव त्या भेगेवरच, पातं तिच्या रेषेत धरून.

इथपर्यंत फोडण्याची सोय-गैरसोय झाली. अण्णांचा मुद्दा त्याहून मोठा होता आणि माझ्या मते सगळ्या वादाचं उत्तर त्यातच आहे. कुऱ्हाडीला सोपं काय, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, पाणी बाहेर कसं पडणार?

जिवंत झाड मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी चढवतं, म्हणजे त्याच्या नळ्या उभ्या वाहतुकीसाठीच असतात. तोडल्यावरही पाणी त्याच वाटेने, कापलेल्या टोकांतून, भराभर जातं. आडव्या दिशेने, नळीच्या भिंती ओलांडत, ते कित्येक पटींनी सावकाश जातं. आणि बाहेर साल! सालीचं कामच पाणी आत राखण्याचं. झाड उभं असताना ती त्याला उन्हात वाचवते, ओंडका झाल्यावरही इमानाने तेच करत राहते. म्हणून दीड-दोन हात लांबीचा गोल ओंडका दोन्ही टोकांना वीतभर सुकतो, भेगाळतो, वरून अगदी तयार दिसतो आणि पोटात हिरवाच राहतो. त्याच ओंडक्याचे चार भाग केले की प्रत्येक ढलपीला सालीशिवायच्या दोन उघड्या बाजू मिळतात आणि मध्यातल्या पाण्याला बाहेर यायचं अंतर कमी होतं. फोडणं म्हणजे अर्धं सुकवणंच.

माघात आम्ही न फोडलेले आंब्याचे ओंडके उघडले तेव्हा साल हाताने सोलून निघाली. खाली बुरशीची पांढरी जाळी, भुंग्यांनी पाडलेली बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा. आत लाकूड गार लागत होतं. सालीखालचा ओलावा हे बुरशीचं आवडतं घर. पाणी २० टक्क्यांच्या खाली गेलं की तिला वाढता येत नाही, पण गोल ओंडक्यात ते जातच नाही. बुरशी खाते ते आपलंच जळण. असं लाकूड सुकवून जाळलं तरी कापसासारखं भुरभुर जळून जातं, निखारा धरत नाही. पडवीतल्या ढलप्या मात्र एकमेकींवर आपटल्या की खणखण वाजत होत्या.

आता जळण्याकडे. शाळेत शिकलेलं आठवा: एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ७५ किलोकॅलरी उष्णता लागते, आणि त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला ५४०. चुलीत ओलं लाकूड घातलं की प्रत्येक लिटरमागे हे ६१५ पहिल्यांदा द्यावे लागतात. पूर्ण सुक्या लाकडाच्या एका किलोतून साधारण साडेचार हजार किलोकॅलरी मिळतात. अगदी हिरव्या लाकडात सुकं लाकूड एक किलो आणि पाणीही एक किलो असू शकतं. म्हणजे वाफेवर गेला सातवा हिस्सा. आश्चर्य वाटेल, पण हा काही फार मोठा तोटा नाही. मग ओल्या लाकडावर पाणी तापायला दुप्पट वेळ का लागतो?

कारण ज्योत लाकडाची स्वतःची नसते. तापलं की त्यातून वायू निघतात आणि ज्योत असते ती त्या वायूंची. लाकूड २००-२५० अंशांपलीकडे तापलं की हे वायू जोराने सुटू लागतात, आणि ते नीट, पुरे जळायला चुलीत ६०० अंशांच्या आसपास तापमान हवं. लाकडाच्या ज्या भागात पाणी आहे तो भाग मात्र ते पाणी संपेपर्यंत १०० अंशांच्या पुढे जात नाही. ओली ढलपी चुलीत घाला आणि तिच्या बाहेरच्या टोकाकडे बघा. आधी ते टोक काळपट ओलसर होतं, मग त्यातून बारीक बुडबुडे येतात, चुर्र आवाज होतो आणि फेस गळतो. नळ्यांतून पाणी उकळत बाहेर पडतंय. तोवर चुलीची सगळी ताकद तिथे जाते, आग गार पडते आणि सुटलेले वायू न जळताच वर जातात. त्यालाच आपण धूर म्हणतो. धूर म्हणजे वाया गेलेलं सरपण. पातेल्याच्या बुडाला काजळी धरते, कौलांना आतून डांबरासारखा थर बसतो, तोही त्याचाच.

आणि तो चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीतही जातो. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली ती याच धुराच्या कारणाने. गॅस घरात आला तरी पाणचूल, चुलाण, भाकरीची चूल बऱ्याच घरांत राहिलीच. तिथे निदान धूर कमी करणं आपल्या हातात आहे, आणि त्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सुकं लाकूड. सासूबाईंना ओल्या फाट्यांवर फुंकणी मारताना खोकताना मी पाहिलंय, म्हणून हे इतकं कळकळीने लिहितेय.

वखारीतून लाकूड घेणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. लाकूड वजनावर मिळतं. हिरव्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असेल, तर दहा मण लाकडात पाच मण पाणी तुम्ही विकत घेता आणि भाडं देऊन घरी आणता. टक्क्यांतही घोळ असतो. सुतार आणि वनखात्याची माणसं पाण्याचं प्रमाण सुक्या लाकडाच्या वजनावर काढतात, जळणाचा विचार करणारे एकूण वजनावर. तेच अर्धं पाणी, अर्धं लाकूड, एकाच्या भाषेत १०० टक्के ओलं आणि दुसऱ्याच्या भाषेत ५०. वर मी दिलेले २८-३०, १२ आणि २० हे आकडे सुताराच्या हिशेबाचे आहेत.

सुकलं की नाही ते कसं ओळखावं? आवाज सांगितलाच: सुक्या ढलप्या खणखणतात, ओल्या बद वाजतात. सगळ्यात खात्रीची पद्धत वजनाची. राशीतली एक ढलपी खूण करून ठेवा, दर पंधरा दिवसांनी काट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की हवेने जेवढं सुकवायचं तेवढं सुकवलं. दोन सुयांचं ओलावा मोजायचं यंत्रही मिळतं, पण त्याच्या सुया ढलपीच्या जुन्या पृष्ठभागावर टोचून उपयोग नाही. ढलपी पुन्हा फोडून आतल्या ताज्या बाजूवर टोचायच्या.

कोकणात एक प्रश्न नेहमी येतो: आषाढातल्या हवेत लाकूड पुन्हा ओलं होत नाही का? होतं, पण बेताने. लाकूड आजूबाजूच्या हवेशी जमवून घेतं. उन्हाळ्यात, हवेत ४० टक्के आर्द्रता असेल तर ते ७-८ टक्क्यांवर येतं. पावसाळ्यात आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली तरी छपराखालचं लाकूड २० टक्क्यांच्या आसपास थांबतं. जळायला ते चालतं. म्हणजे वैशाखापर्यंत सुकलेलं सरपण पडवीत पावसाळाभर टिकतं. उलट, जूनमध्ये तोडलेलं लाकूड पावसाळ्यात सुकायची अपेक्षा करू नये. आमच्या फोडलेल्या ढलप्यांचं खरं सुकणं झालं ते दसऱ्यानंतरच. फोडून ठेवल्यामुळे त्या कोरड्या हवेचा त्यांना पुरा फायदा मिळाला, एवढंच.

रचण्याबद्दल थोडंच. खाली जांभ्याचे चिरे किंवा दोन आडवी लाकडं, म्हणजे जमिनीची ओल आणि वाळवी दोन्ही लांब. भिंतीपासून हातभर अंतर. वर छप्पर किंवा ताडपत्री, बाजू मात्र उघड्या. ताडपत्रीत गच्च गुंडाळलेली रास आतल्या आत घामाघूम होते, त्यापेक्षा उघडी बरी. उन्हापेक्षा वाऱ्याची दिशा बघून रास घालावी. आणि बिब्बा, कण्हेर यांचं लाकूड सरपणात येऊ देऊ नये, सुकं असो की ओलं, त्यांचा धूर बाधतो.

आमच्या पडवीच्या एका कोपऱ्यात अण्णा एक वेगळी रास ठेवायचे. ऐनाच्या झाडाच्या जाड ढलप्या, दोन-दोन वर्षं सुकलेल्या. पाणचुलीला त्यातली एकही कधी लावू देत नसत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटे, कुठल्या सणासाठी असेल. मग एका जुलैत वाडीतली एक म्हातारी गेली. पाऊस तीन दिवस उभा होता, वखार बंद, रस्त्यावर पाणी. अण्णांनी कोणी विचारायच्या आत कोपऱ्यातली रास उतरवायला घेतली. घरटी एक-एक लाकूड आलं, पण त्यातली निम्मी ओली होती. ती बाहेरून लावली आणि ऐनाच्या ढलप्या मध्ये. स्मशानातल्या पत्र्याच्या शेडखाली चिता पहिल्या काडीत धरली, आणि माणसांना रॉकेल घालत पावसात ताटकळावं लागलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर कोपरा पुन्हा भरला. एका वठलेल्या ऐनाची लाकडं आली, आणि त्याच्या शेजारच्या झाडाची एक मोडकी फांदीही होती, हिरवी. आरीने तिची कांडी केली आणि अण्णांनी त्याच दिवशी संध्याकाळी ती सगळी फोडून घेतली. सालीखालून पाणी उडत होतं.